मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडीला बाहेरून ऐकू येणारा आवाज बसवता येतो का?

अनघा_फोंडा
नमस्कार. इलेक्ट्रिक कारला बाहेर ऐकू जाईल असा आवाज बसवून मिळतो का? फोंडा, मडगाव, पणजी, कुठेही चालेल. खर्च किती येतो? हॉर्न सुचवू नका, तो आहेच. गाडी हळू चालत असताना सतत येईल असा आवाज हवा. परवा सकाळी थोडक्यात निभावलं, पुन्हा तसं व्हायला नको. नेटवर शोधलं तर जो तो बॅटरी आणि रेंजबद्दल बोलतो. ज्यांनी खरोखर बसवून घेतलाय त्यांनी सांगा, घाई आहे.

साष्टीकर
गाडी कुठली? कुठल्या सालची? अलीकडच्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत ही सोय कंपनीकडूनच येते. तिला 'एव्हास' म्हणतात. पुढच्या बंपरमागे छोटा स्पीकर असतो आणि हळू चालताना तो घूं असा आवाज काढतो. मॅन्युअलमध्ये बघा, काही मॉडेलांत तो बंद करायचं बटणही असतं. कुणीतरी बंद करून ठेवला असेल तर एक पैसा खर्च न करता काम होईल.

वीजवाला
मॉडेल सांगितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. वॉरंटी शिल्लक आहे का? बाहेरचा स्पीकर १२ व्होल्टच्या लाइनवर चालतो, त्यामुळे काम तसं अवघड नाही. पण नारिंगी रंगाच्या जाड वायरी उच्च व्होल्टेजच्या असतात, त्यांच्या आसपास कोणाही गॅरेजवाल्याला हात घालू देऊ नका. आणि 'थोडक्यात निभावलं' म्हणजे नेमकं काय झालं? गाडी पुढे जात होती की मागे येत होती? त्यावर सगळं अवलंबून आहे.

मिरामार_वॉकर
माफ करा, पण हे मला पटत नाही. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि डिसेंबरात किनारपट्टीवर ती कशी पाळली जाते ते आपण सगळे ऐकतोच. वर्षानुवर्षं तक्रारी करून एक शांत वाहन रस्त्यावर आलं, तर त्यालाही आवाज लावायचा? चालकाने बघून गाडी चालवावी आणि चालणाऱ्याने बघून चालावं. एवढं केलं तर स्पीकर लागणार नाही.

साष्टीकर
वॉकर साहेब, ती मर्यादा परिसराच्या एकूण आवाजाची आहे, एका गाडीची नाही. इलेक्ट्रिक गाड्यांच्या आवाजासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा १३८ क्रमांकाचा नियम बघा. ताशी १० किलोमीटरला किमान ५० डेसिबल, २० ला ५६, मागे येताना ४७. ५० डेसिबल म्हणजे साधं बोलणंसुद्धा नाही. कमाल मर्यादाही घातलीय, ७५. २० च्या पुढे आवाजाची सक्तीच नाही, कारण तिथून टायरचा आवाज वाढत जातो. म्हणजे हमरस्त्यावर तुम्हाला काहीच फरक कळणार नाही.

डिचोलीचा_बाब
साल-मॉडेल सांगा हो ताई. आणि चार्जिंग घरीच करता का? मीटर वेगळा घेतला की घरचाच? मी पुढच्या महिन्यात घेतोय, घाटातून बेळगावला जाऊन यायचं तर रेंज कितपत मिळते?

अनघा_फोंडा
गाडी आमची नाही. शेजारच्या भावजींची आहे, तीन-चार वर्षांपूर्वीचं मॉडेल. मॉडेलचं नाव वीजवाला यांना व्यनि (खासगी निरोप) करते. आवाजाची सोय तिच्यात नाही, बटण वगैरे शोधून झालं.
काय झालं ते सांगते. आमच्या वाड्यात दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. सहाच्या सुमारास पदेर (पाववाला) सायकलवरून भोंपू वाजवत येतो. तो ऐकून आई फाटकाबाहेर पाव घ्यायला गेली, आणि त्याच वेळी भावजींची गाडी मागे येत होती. गाडीची मागची बाजू आईच्या हातातल्या पिशवीला लागली, पाव सगळे रस्त्यावर. आई गडग्याला टेकली म्हणून सावरली. भावजी हळूच घेत होते, त्यांना मुळीच दोष देत नाही. त्यांची जुनी डिझेल गाडी होती तेव्हा ती सुरू झाली की आई ओट्यावर बसूनच सांगायची, "भावजी निघाले." आता तिला काही पत्ताच लागत नाही.

वीजवाला
गाडी दुसऱ्याची आहे हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आम्ही इथे वॉरंटीचा विचार करत बसलो.

रानफुल
पण ताई, आई रस्त्याकडे बघून बाहेर पडली तर? वळणावर लावतात तसा गोल आरसा फाटकासमोर बसवा. आमच्या हळदोण्याच्या घरासमोर बसवलाय, फार उपयोग होतो. दोन्ही बाजूंची गाडी दिसते.

अनघा_फोंडा
आईला काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याने काही दिसत नाही, डाव्याने फक्त उजेड-अंधार कळतो. म्हणून तर आवाजाचं विचारतेय. आरशाचा काय उपयोग?

रानफुल
अरे देवा. हे माहीत नव्हतं. काळजी घ्या आईंची.

शशीकाका_पेडणे
काचबिंदूसाठी थेंब वेळेवर घालतात ना? डोळ्यांचा दाब वर्षातून किमान दोनदा तपासून घ्या. माझ्या वहिनीने थेंब मध्येच सोडले, आणि गेलेली नजर मग काही परत येत नाही. घरात बाकीच्यांचेही डोळे तपासा, हा आजार घराण्यात चालतो. आवाजाचं नंतर बघा, आधी हे.

पांढरी_काठी
मला जन्मापासून दिसत नाही. मडगावात नोकरी करतो, रोज बसने जातो-येतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
'हॉर्न आहे ना' असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट लक्षात येत नाही. हॉर्न वाजला की कुठेतरी गाडी आहे एवढंच कळतं. ती माझ्याकडे येतेय, लांब जातेय की वळतेय, ते कळत नाही. उलट दचकून माणूस जागच्या जागी थांबतो किंवा चुकीच्या बाजूला सरकतो. इंजिनाच्या आवाजातून ते सगळं कळायचं. वेग वाढला की सूर चढतो, गाडी वळली की आवाज एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सरकतो. त्या १३८ च्या नियमातही वेगाबरोबर सूर बदलायला हवा अशी अट आहे, ती उगाच घातलेली नाही.
दुसरं म्हणजे उभी गाडी. फाटकात गाडी उभी आहे, चालक आत बसलाय, निघायच्या बेतात आहे. पेट्रोल-डिझेलची असेल तर पायाखाली आणि कानाला थरथर जाणवते. इलेक्ट्रिक असेल तर मला ती बंद गाडीच वाटते आणि मी तिच्या मागून जातो. अमेरिकेच्या नियमात गिअर टाकलेल्या उभ्या गाडीलाही आवाज लागतो, युरोपात उभ्या गाडीला सक्ती नाही. माझ्या मते इथे अमेरिकेचं बरोबर आहे.
तिसरं, पाऊस. जून ते सप्टेंबर छत्रीवर पाणी पडत असतं तेव्हा कानाशी दुसरं काही पोचत नाही. भर पावसात मी छत्री घेतच नाही, रेनकोट घालतो आणि टोपी मागे सारतो. डोकं भिजलं तरी चालेल, पण ऐकू यायला हवं. तुमच्या आईंनाही हे सांगून बघा.

मिरामार_वॉकर
हे वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलतो. सतत घूं करणारा मंद आवाज आणि हॉर्न यांत फरक आहे, हे मान्य. पण खरोखर जास्त अपघात होतात का, याचा काही पुरावा आहे की नुसतीच भीती?

साष्टीकर
आहे. ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ या वर्षांच्या अपघातांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कापलेल्या मैलांच्या हिशेबाने इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांनी पादचाऱ्याला धडक देण्याचं प्रमाण पेट्रोल-डिझेलच्या साधारण दुप्पट निघालं, आणि शहरी भागात फरक जास्त होता.

वीजवाला
त्यात सगळा दोष शांततेवर टाकता येत नाही. त्या काळात तिथे इलेक्ट्रिक गाड्या चालवणारे कोण, त्या किती शहरात फिरायच्या, हेही बघावं लागेल. शिवाय ती वर्षं युरोपात आवाजाची सक्ती येण्याआधीची आहेत. तिथे नव्या मॉडेलांना जुलै २०१९ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना जुलै २०२१ पासून आवाज लागतो.

साष्टीकर
मग तेच तर म्हणतोय! सक्तीआधीची आकडेवारी आहे, आणि आपण आज सक्तीआधीच्याच अवस्थेत आहोत. आपल्याकडे २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राने एव्हासच्या सक्तीचा मसुदा काढला. त्यात नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२६ आणि चालू मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२७ अशा तारखा होत्या. रस्त्यावर आधीच असलेल्या गाड्यांचा त्यात विचार नाही. म्हणजे या ताईंच्या भावजींची गाडी आहे तशीच राहणार.

डिचोलीचा_बाब
मग मी २०२७ पर्यंत थांबावं का? सबसिडीचं काय?

म्हार्दोळकर
एवढी चर्चा कशाला? फाटकासमोर खडी पसरा. बारीक खडीवर टायर आलं की करकर आवाज येतो, गाडी कितीही शांत असो. ना वायर, ना वॉरंटी. एक टेम्पो खडी खूप झाली. आमच्या अंगणात रात्री कोण आलं ते आम्हाला अंथरुणातून कळतं.

पांढरी_काठी
म्हार्दोळकर, कल्पना चांगली आहे, पण वाटेवर नको. सुट्या खडीत काठीचं टोक रुतून बसतं आणि वयस्क माणसाचा पाय घसरतो. भावजींच्या फाटकाच्या आत, जिथे फक्त त्यांची गाडी असते, तेवढ्या पट्ट्यावर टाकली तर गाडी हलल्याबरोबर कळेल आणि चालायची वाटही मोकळी राहील.

म्हार्दोळकर
बरोबर. आतच टाका. पण कडेला चिरे लावून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात सगळी वाहून वाटेवर येईल.

वीजवाला
मॉडेल व्यनित मिळालं. ऐका ताई. तुमचा प्रश्न मुख्यतः मागे येणाऱ्या गाडीचा आहे, त्यामुळे आधी रिव्हर्स बझर लावा. टेम्पोला असतो तोच, मागच्या पांढऱ्या दिव्याच्या लाइनवर जोडायचा. काही शे रुपयांचं काम. संगीतवाला घेऊ नका, साधा टूं-टूं घ्या. बदलत्या सुरांचा हॉर्न नियमात बसत नाही, आणि पहाटे सहाला गाणं वाजलं तर आख्खा वाडा भांडायला येईल. पुढे जाताना वाजणारा स्पीकर बाजारात मिळतो, पण वेगाप्रमाणे सूर बदलायला त्याला गाडीकडून वेगाचा सिग्नल लागतो. तो काढताना गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सशी खेळ होतो. ते मी स्वतः करणार नाही आणि तुम्हीही कुणाला करू देऊ नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला भावजींनी लेखी विचारावं.

साष्टीकर
सहमत. आणि बझर बसेपर्यंत भावजींना गाडी रात्रीच उलटी लावून ठेवायला सांगा, म्हणजे सकाळी तोंड वाटेकडे राहील आणि निघताना त्यांना आई दिसतील. सगळ्यात आधी हेच सुचायला हवं होतं.

रेंट_अ_बाईक_वैताग
कारचं काय घेऊन बसलात? भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटर बघा. त्या मसुद्यात दुचाकी-तिचाकी नाहीतच. पर्यटक गुगलचा नकाशा बघत गल्लीत शिरतात, ना आवाज, ना अंदाज. आमच्या कळंगुटच्या गल्लीत मुलांना खेळायला सोडता येत नाही.

अनघा_फोंडा
भावजींशी बोलले. ते काल संध्याकाळपासूनच गाडी उलटी लावतायत. बझर रविवारी बसवणार, पैसे मी देते म्हटलं तर रागावले. फाटकाच्या आत खडीही टाकणार आहेत, कडेला चिरे लावून. आईला रेनकोटचं सांगितलं, ती तयार आहे. पांढरी_काठी, वीजवाला, साष्टीकर, म्हार्दोळकर, देव बरें करूं. शशीकाका, थेंब चालू आहेत, दाबही तपासतो.
सर्व्हिस सेंटरला भावजी लिहिणार आहेत, उत्तर आलं की इथे टाकते. आमच्या वाटेवरही होमस्टेवाल्यांच्या स्कूटर येतात, त्यांचं काय करायचं ते राहिलंच आहे. पंचायतीत अर्ज द्यायचा की होमस्टेवाल्याशीच बोलायचं? कुणी दिला असेल तर अर्जाचा नमुना पाठवा.