सिव्हिलला पोरं हवीत तर साइटवर न्या

मुरूमगडी
इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड लागले की सोलापुरात एकच धावपळ: कॉम्प्युटर, नाहीतर एआय. सिव्हिल म्हणजे उरलंसुरलं. कॉलेजवाले मग बारावीच्या पोरांना हॉलमध्ये बसवून बुर्ज खलिफाच्या स्लाइड दाखवतात. अहो, आपल्या भिंतीला तडे का जातात ते सांगा की! काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेला नाही, तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालीच. सोलापूरजवळच्या कुंभारीची 'रे नगर' वसाहत दाखवा. विडी कामगार, यंत्रमाग कामगारांची 30 हजार घरांची योजना, त्यातली 15 हजार जानेवारी 2024 मध्ये दिली. एवढ्या वस्तीला पाणी कुठून आणायचं, सांडपाणी कुठे न्यायचं, हे एका दुपारी समजावलं तरी दहातली दोन पोरं वळतील.

जुळे_सोलापूरकर
दुपारीच न्या. मे महिन्यात, दोन वाजता, स्लॅबवर! माझा भाचा डिप्लोमा करून एका ठेकेदाराकडे लागला. सेंट्रिंगवाल्या मिस्त्रीची महिन्याची हजेरी त्याच्या पगाराच्या वर जाते. पोरांना हिशेब कळतो, मालक.

मुरूमगडी
सुरुवातीला पिळवणूक होते, नाही कुठे म्हणतो? पण मिस्त्रीला डिझाइनवर सही करता येत नाही. पुढची वाट कुणाची मोठी आहे ते बघा.

चटणीभाकर
ती वाट चालायला पुण्याला जावं लागतं, हे पण सांगा! आणि मुलींचं काय? 8 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर 2024-25 पासून मुलींना इंजिनिअरिंगची फी माफ आहे. म्हणजे अडचण फीची राहिली नाही. किती साइटवर बायकांसाठी संडास असतो? मजूर बायका आडोसा शोधतात, तिथे माझ्या पोरीला ट्रेनिंगला कशी पाठवू?

मुरूमगडी
ताई, हे खरंय. तोवर टेस्टिंग लॅबपासून सुरुवात करू. 150 मिमीचा काँक्रीटचा क्यूब, 28 दिवस पाण्यात ठेवलेला, मशीनखाली कडाड्‌कन फुटतो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही मोबाइल खाली ठेवतात.

चटणीभाकर
म्हणजे पोरं साइटवर आणि पोरी लॅबमध्ये? आधी संडास बांधा. बांधकामाचंच शिकवताय ना?

जुळे_सोलापूरकर
हाणलं बघा! माझं म्हणणं एवढंच, मागच्या बॅचच्या सिव्हिलवाल्यांचा पहिला पगार माहितीपत्रकात छापा. सगळ्यात मोठा नको, मधला.

मुरूमगडी
छापला तर आहेत ती पण पळतील.

जुळे_सोलापूरकर
पळू द्या की. चार बॅच रिकाम्या गेल्या की ठेकेदारच पगार वाढवून दारात येतील.

मुरूमगडी
तोवर कॉलेजवाले सिव्हिलच्या जागा कमी करून कॉम्प्युटरच्या वाढवतील, त्याचं काय?