खिद्रापूरच्या कोपेश्वरासमोर नंदी का नाही?

रानपाखरू
नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी आईला घेऊन नरसोबाच्या वाडीला चाललोय, तिथून खिद्रापूर करायचा विचार आहे. आईच्या डोक्यात लहानपणापासून बसलंय की तिथला महादेव रुसलेला आहे म्हणून त्याच्यासमोर नंदी नाही, नंदी बघायला यडूरला जावं लागतं आणि एकाच दिवसात दोन्हीकडं गेलं तरच दर्शन पुरं. मी मागं एकदा गेलेलो पण मित्रांबरोबर, त्यामुळं स्वर्गमंडपात (वर छत उघडं असलेला मंडप) आडवं पडून वर आकाशाचे फोटो काढले आणि आलो परत 😅 गाभाऱ्यात दोन पिंडी होत्या एवढं आठवतंय. दुसरी कुणाची? आणि ते छत मुद्दाम उघडं ठेवलंय की बांधायचं राहिलं? आई विचारणार हे नक्की.

कृष्णाकाठचा_गडी
आईंचं बरोबर आहे की. आमच्याकडं सांगतात ते असं, दक्षानं यज्ञ मांडला, सगळ्या देवांना बोलावलं आणि जावयालाच वगळलं. सती म्हणाली माहेरी जायला आमंत्रण कशाला पाहिजे, आणि नंदीवर बसून निघाली. तिथं बापानं भर मांडवात नवऱ्याचा अपमान केला, तिनं यज्ञकुंडात उडी घेतली. महादेवाला कळलं आणि जो कोप झाला तो काही केल्या शांत होईना, शेवटी विष्णूनं समजूत घालून त्यांना इथं आणलं. म्हणून एक पिंड कोपेश्वराची आणि दुसरी धोपेश्वराची, धोपेश्वर म्हणजे विष्णू. नंदी सतीला घेऊन गेला तो यडूरलाच राहिला, ते गाव आता कर्नाटकात, चिकोडी तालुक्यात येतं. आणि यडूरचं देऊळ कुणाचं, तर वीरभद्राचं! दक्षाचा यज्ञ मोडायला महादेवानं जटा आपटून काढला तोच वीरभद्र. गोष्ट अशी दोन गावांत वाटून ठेवलीय बघा, अर्धी इकडं अर्धी तिकडं.

दगडधोंडे
गोष्ट झकास आहे, पण एक सांगतो, रागावू नका. गावाचं जुनं नाव कोप्पम होतं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. १०५४ साली चालुक्य आणि चोळ यांची कोप्पमला मोठी लढाई झाली, चोळ राजा राजाधिराज हत्तीवर बसलेला असताना त्यात मारला गेला, ते कोप्पम म्हणजे खिद्रापूरच असंही काही जण म्हणतात (काही जण नाही म्हणतात, तो वाद वेगळा). तर कोप्पमचा ईश्वर तो कोपेश्वर, आणि 'कोप' हा शब्द ऐकून राग आणि रुसव्याची गोष्ट नंतर येऊन चिकटली असावी असं मला वाटतं. देऊळ साधारण १२व्या शतकातलं, शिलाहार राजांच्या काळातलं. नंतर देवगिरीच्या सिंघण यादवानं देवाच्या पूजेसाठी गाव दान दिलं, त्याचा शिलालेख तिथंच भिंतीवर आहे, शोधून दाखवा आईंना.

आणि 'नंदी नाही' म्हणजे गाभाऱ्यासमोर बसलेला नाही एवढंच हां. स्वर्गमंडपाच्या छताखाली कडेनं अष्टदिक्पाल म्हणजे आठ दिशांचे राखणदार देव आहेत, आपापल्या वाहनांवर, बायकांसकट. त्यातला ईशान म्हणजे महादेवाचंच रूप, त्याचं वाहन बैलच असतं 😉

कृष्णाकाठचा_गडी
@दगडधोंडे रागवत नाही ओ, पण कोप्पम म्हणून कोपेश्वर म्हटलं तर मग धोपेश्वर कुठनं आला ते पण सांगा की!

दगडधोंडे
तिथं मी गप्प 🙏

चांदणवेडी
छताबद्दल. उघड्या जागेची कड व्यवस्थित गोल घडवलेली आहे, खाली १२ खांबांचं वर्तुळ आणि मधोमध तशीच गोल शिळा, त्यामुळे 'राहून गेलं' हे काही मला पटत नाही. होमाचा धूर जायला ठेवलं असं गावात सांगतात. कार्तिक पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र बरोबर वर येतो म्हणून हल्ली प्रचंड गर्दी होते. यात चमत्कार नाही पण हिशेब मस्त आहे, नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, पौर्णिमेचा चंद्र त्याच्या समोर म्हणजे तितकाच उत्तरेकडे, आणि खिद्रापूर साडेसोळा अंशांच्या जरा वर, म्हणून तो जवळजवळ डोक्यावरून जातो. चंद्राची वाट थोडी थोडी सरकत असते त्यामुळे दरवर्षी अगदी मधोमध दिसेलच असं नाही. सूर्य मात्र दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस भर दुपारी डोक्यावर येतो, पण ते बघायला कुणी फिरकत नाही, फरशीवर पाय भाजतात ना!

पायताण_हातात
नुसतं आत जाऊन परत फिरू नका ओ, लोक हेच करतात. बाहेरनं पूर्ण चक्कर मारा, सगळं देऊळ हत्तींनी पाठीवर उचलल्यासारखं आहे, गजपीठ म्हणतात त्याला. हत्ती ९२ आहेत म्हणतात, मी दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. बऱ्याच हत्तींच्या सोंडा फोडलेल्या आहेत, वाईट वाटतं बघून. गाभाऱ्याकडं दिवसा पण अंधार असतो, मध्ये उंबरे आहेत, आईंचा हात धरा. गावातच आदिनाथाची जैन बस्ती (मंदिर) आहे, ती पण त्याच काळातली, चुकवू नका.

रानपाखरू
सगळ्यांचे आभार! आईला वाचून दाखवलं. कोप्पमचं ऐकून म्हणाली, "राजांच्या लढायांचं राहू दे, लेकीचा अपमान झाला हे खरं असणारच." आता म्हणते आधी यडूर, मग खिद्रापूर, म्हणजे नंदीला भेटून त्याचा निरोप घेऊन महादेवाकडं जायचं. वाडीचं दर्शन परतीच्या वाटेवर. हत्ती मी मोजतो आणि इथं आकडा टाकतो.