किशोरवयीन मुलींसाठी ख्रिस्ती कथा : प्रवचन होऊ नये म्हणून काय करावं?

शरणपूर_वाचनकट्टा : सर्वांना सलाम. नाशिकच्या आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) १३ ते १६ वयाच्या मुलींसाठी आठ प्रकरणांची कथा लिहितेय. रूथ आणि स्नेहल दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या) वर्गात एकत्र. स्नेहल रूथचं गुपित व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोडते. सहाव्या प्रकरणात रूथ प्रार्थना करते, सातव्यात समेट. वाचून मुली म्हणाल्या, "हे प्रवचन आहे." कुठे बिघडतंय?

निशिगंध : सहा आणि सातच्या सांध्यात. प्रार्थना झाली की स्नेहल आपोआप बदलते, मग रूथला करायला काही उरतच नाही. प्रार्थनेनंतरही परिस्थिती तीच ठेवा. स्नेहलचा एक जुना स्क्रीनशॉट रूथकडे आहे, तो टाकला की सूड पुरा. ती तो डिलीट करते, पण स्नेहलशी बोलत नाही. क्षमा सातव्यात येऊ दे. विश्वास पुन्हा बसायला वेळ लागतो, तो आठव्यात अर्धवट राहिला तरी चालेल.

प्रार्थना दोन-तीन ओळींची, तिच्याच भाषेत हवी : "प्रभू, मला तिचं तोंड बघायचं नाही. तरी बसलेय." मत्तय १८:२१ मध्ये पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करायची? तो प्रश्न रूथला विचारू द्या. उत्तर मात्र पाळकांच्या तोंडून वदवू नका, तिथेच प्रवचन सुरू होतं.

गोदाकाठ : शब्दांची सरमिसळ टाळा. दृढीकरण कॅथलिकांतही आहे, त्यामुळे मंडळी कोणती ते पहिल्याच पानावर कळू दे. पाळक आणि उपासना हे प्रोटेस्टंट शब्द असतील तर मध्येच कॅथलिकांचे फादर आणि मिस्सा नको. नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा हवी असेल तर एक कॅथलिक मैत्रीण आणा.

हिंदू मैत्रीण असेल तर कृपा करून शेवटी तिचा बाप्तिस्मा उरकू नका. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा : पतीचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये, त्यांचा १९०० मध्ये. एवढी वर्षं आठ प्रकरणांत कशी मावणार? तिला मैत्रीणच राहू द्या.

शरणपूर_वाचनकट्टा : पटलं. पण मग स्नेहल खलनायिका वाटेल ना?

निशिगंध : पाचवं प्रकरण तिच्या नजरेतून लिहा. ग्रुपमधून आपल्याला काढतील या भीतीने ती गुपित फोडते, हे वाचकाला कळू दे. रूथला नंतर कळेल. बाकी सातही प्रकरणं रूथचीच.