बदललेल्या गाड्यांचे संग्रहालयातील स्थान
स्थानिक संग्राहकांनी आपल्या आवडीप्रमाणे बदललेल्या गाड्या संग्रहालयात मूळ रूपातील जुन्या गाड्यांशेजारी मांडू नयेत, असे एक मत आहे; ते मला मान्य नाही. लॉस एंजेलिसच्या पीटरसन मोटार संग्रहालयाने 2017 मध्ये 'लोरायडर' गाड्यांचे, म्हणजे जमिनीलगत धावतील अशा खाली उतरवून सजवलेल्या गाड्यांचे, प्रदर्शन भरवले होते. या गाड्या तेथील मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी वस्त्यांमध्ये, मुख्यतः घराघरांतून आणि छोट्या गॅरेजांतून घडल्या. कॅलिफोर्नियाने 1958 च्या सुमारास चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा सांगाडा खाली असण्यास बंदी घातली, तेव्हा गाड्या बदलणारे रॉन अगिरे यांनी विमानातील हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारे) पंप आपल्या कॉर्व्हेट गाडीला जोडून गाडी हवी तेव्हा वरखाली करण्याची सोय केली. कायद्यातून निघालेली ही युक्ती पुढे एका संपूर्ण कलेचा पाया ठरली, आणि कारखान्यातून निघालेल्या स्थितीतील गाडी हा इतिहास सांगूच शकत नाही. जेसी व्हालादेझ यांची गुलाबांच्या चित्रांनी रंगवलेली 1964 ची शेव्हरोले इम्पाला, 'जिप्सी रोझ' नावाची लोरायडर, अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत समाविष्ट झाली, हे मला अत्यंत योग्य वाटते. मात्र अशा गाडीच्या फलकावर मूळ मॉडेलइतकीच रंगाऱ्याची आणि कारागिरांची नावेही ठळकपणे असावीत, असा माझा आग्रह आहे.