बिअरवर पांढरा पापुद्रा दिसला म्हणून वीस लिटर मोरीत ओतायची का?

तापीकाठ, जळगाव

धाकटा भाऊ इंग्लंडात लीड्सला असतो. तिकडे स्वतःपुरती बिअर घरी करायला 1963 पासून परवाना लागत नाही, म्हणून साहेबांनी वीस लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) लावली. काल व्हिडिओ कॉलवर बादलीचं झाकण उघडून दाखवलं. वर पातळ पांढरा पापुद्रा, त्याला सुरकुत्या, आणि खाली अडकून बसलेले मोठाले बुडबुडे. तिकडच्या मित्रांनी लगेच निकाल दिला: इन्फेक्शन आहे, ओतून टाक.

मी डेअरीच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे तो मला विचारतो. माझं मत असं की नुसतं बघून ओतू नये. पहिल्या आठवड्यातला फेस, बादलीच्या कडेला चिकटलेली तपकिरी घाण, तरंगणारे यीस्टचे गोळे यांना घाबरून कित्येक नवखे चांगली बिअर घालवतात. पापुद्रा मात्र वेगळा, हे मान्य. रानटी यीस्ट, म्हणजे ब्रेटानोमायसिस वगैरे, किंवा काही बॅक्टेरिया शिरले आणि वर हवा मिळाली की तो धरतो. म्हणजे पाहुणा आलाय हे नक्की. पण त्याने बिअर बिघडवली का, हे पापुद्रा सांगत नाही. त्यासाठी वास, चव आणि हायड्रोमीटर (बिअरची घनता मोजतो; आतली साखर संपत जाते तसा आकडा उतरतो).

(आपल्याकडे कुणी हा उद्योग करू नका. महाराष्ट्रात विनापरवाना घरी बिअर करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. चर्चा लीड्सच्या बादलीची आहे.)

शेवभाजी, धुळे

भाऊ, डेअरीत शंका आलेला टँकर तुम्ही परत पाठवता की ग्लासभर पिऊन बघता?

रानटी यीस्ट शिरलंय हे तुम्हीच कबूल करताय. नेहमीचं यीस्ट माल्टमधली जी डेक्स्ट्रिनं (साखरेच्या लांब साखळ्या) खाऊ शकत नाही ती हे हळूहळू खात बसतं. आज चव चांगली लागली म्हणून भाऊ बाटल्या भरेल, आणि आत गॅस साचून महिन्याभराने कपाटात काच फुटेल. वीस लिटरच्या माल्ट आणि हॉप्सपेक्षा डोळा महाग आहे. शंका आली की ओतायची, विषय संपला.

तापीकाठ

टँकरचं दूध गावभर जातं, ही बादली एकट्याची. शिवाय दुधाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आंबट) 6.6 च्या आसपास, त्यात काहीही वाढतं. बिअर 4 ते 4.5 वर असते, वर अल्कोहोल, हॉप्सचा कडूपणा, आणि आत ऑक्सिजन जवळजवळ नाही. रोग पसरवणाऱ्या जंतूंना तिथे वाढायला जागाच नाही. बिघडलेली बिअर तोंड वाकडं करेल, दवाखान्यात पाठवणार नाही. म्हणून घोटभर चाखायला मी सांगतो. दोन अपवाद. हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली तर चाखायचंही नाही. आणि बिनअल्कोहोलची बिअर असेल तर यातलं काहीच गृहीत धरायचं नाही, तिथे जंतू टिकतात.

बाटल्या भर असं मी कुठे म्हटलं?

बिबडेवाली, चोपडा

कसाले फेकस भो? आधी चाखी तर देख!

आमच्याकडे कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी आंबट वास आलाच पाहिजे, नाही आला तर सासूबाई म्हणतात चीक नीट पडणार नाही. पण बोट बुडवून उचललं आणि तार सुटली, किंवा पाण्यावर गुलाबी झाक आली, तर सगळा गहू उकिरड्यावर. कुणी मीटर लावत नाही. ज्याने दहा वेळा चांगलं बघितलंय त्याला बिघडलेलं लगेच कळतं. भावाची ही पहिलीच बादली आहे का? असेल तर त्याच्या नाकावर विसंबू नका, एवढंच.

रीडिंग दाखवा, भुसावळ

वहिनी, तार सुटण्याचं अगदी बरोबर. बिअरमध्ये पेडिओकॉकस हा बॅक्टेरिया शिरला की तीही अशीच तेलकट, तार सुटणारी होते. पण वासाच्या भरवशावर बसलात तर फसाल.

कुजक्या अंड्याचा वास लागर प्रकारच्या बिअरच्या यीस्टला येतोच, थोडे दिवस ठेवली की जातो. हिरव्या सफरचंदाचा वास बहुतेक वेळा कच्च्या बिअरचा. लोण्यासारखा वास यीस्टही देतं आणि पेडिओकॉकसही देतो. औषधी, जखमेच्या पट्टीसारखा वास नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनमुळे येतो, तसा रानटी यीस्टमुळेही येतो. एकाच वासाचे दोन-दोन बाप, नाक कुणाचं नाव घेणार?

म्हणून हायड्रोमीटर. समजा रीडिंग 1.012 वर आलं आणि तीन दिवस तिथेच राहिलं, तर काम संपलं. नंतर पुन्हा उतरायला लागलं तर कुणीतरी आत जेवतंय. त्यातही यीस्टचं पाकीट वाचायचं, कारण सेझॉन या बेल्जियन बिअरची काही यीस्टं जन्मतःच 1.004 च्या खाली जातात. जोडीला पीएच मीटर, कागदी पट्टी नको. साध्या एलमध्ये आकडा 3.8 च्या खाली गेला तर लॅक्टिक मंडळी, म्हणजे आम्ल करणारे बॅक्टेरिया, आलीत समजा.

आणि मोजमापाला नावं ठेवू नका. पीएचचं मापच मुळी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने 1909 साली काढलं. त्याच प्रयोगशाळेत 1883 साली हान्सेनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून शुद्ध वाण तयार केलं, कारण रानटी यीस्टने त्यांची बिअर बिघडत होती.

शेवभाजी, धुळे

मोजा ना, कोण नाही म्हणतंय. फक्त रोज झाकण उघडून हायड्रोमीटर बुडवणारा माणूस रोज ताजी हवा आत सोडतो. त्या पापुद्र्याला हवाच हवी असते, आणि व्हिनेगर करणाऱ्या असिटोबॅक्टरलाही. नमुना खालच्या नळातून काढायचा आणि मोजलेला नमुना परत बादलीत ओतायचा नाही. बरीच मंडळी वाया जातो म्हणून परत ओतते.

तापीकाठ

भावाने नळातूनच काढला. दहा दिवसांपूर्वी 1.012 होतं, आज 1.008. पीएच 4.2. आंबटपणा नाही, तार नाही, व्हिनेगर नाही. मागून किंचित लवंगेसारखी चव येते म्हणाला. यीस्ट साधं इंग्लिश एलचं. आणि वहिनी, बादली तिसरी आहे, पहिली नाही.

म्हणजे आम्ल करणारे बॅक्टेरिया नाहीत, रानटी यीस्ट आहे. त्याला सांगितलंय, झाकण बंद, एअरलॉकमध्ये (गॅस बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झाकणावरची नळी) पाणी, बाटलीचं नाव काढू नको. रीडिंग पूर्ण थांबेपर्यंत महिना जाऊ दे नाहीतर दोन. बेल्जियममध्ये असल्या यीस्टच्या बिअर मुद्दाम करतात आणि लोक चवीने पितात.

शेवभाजी, धुळे

बेल्जियमवाले काय आत घालायचं ते ठरवून घालतात. तुमच्या भावाला पेल एल हवी होती. ती आता मिळणार नाही, दोन महिने खोलीचा कोपरा अडला, दुसरी बॅच लावता येत नाही, आणि शेवटी जे येईल ते आवडेलच असं नाही. याला बिअर वाचवणं म्हणत असाल तर म्हणा. मी आज रात्री ओतली असती आणि शनिवारी नवीन लावली असती.

बिबडेवाली, चोपडा

वेळ त्याचा, कोपरा त्याचा. चव वाईट नाही तर तुम्हाला एवढी घाई का?

रीडिंग दाखवा, भुसावळ

ओतायची की ठेवायची ते त्याने बघावं. ओतली तरी पाहुणा जात नाही, तो भांड्यात राहतो, त्याबद्दल कुणीच बोललं नाही. नळ पूर्ण खोलायला सांगा. आतल्या फिरत्या भागात हमखास चिकट थर सापडतो. बादलीच्या आतल्या बाजूने बोट फिरवायला सांगा, घासणीचे ओरखडे लागले तर सॅनिटायझर तिथपर्यंत पोचत नाही. आणि आधी धुणं, मग सॅनिटायझर. घाणीवर सॅनिटायझर ओतून काही होत नाही.

तापीकाठ

नळ आत्ता खोलता येत नाही, बादली भरलेली आहे. पण मागच्या बॅचला वापरलेली सायफनची नळी उन्हात धरून बघितली त्याने. वाकते तिथे आतून तपकिरी पट्टा आहे, ब्रशने निघत नाही. बिअर दुसऱ्या स्वच्छ बादलीत घेऊ का असं विचारतोय.

रीडिंग दाखवा, भुसावळ

नको. ओतताना हवा मिसळेल आणि दुसरी बादलीही त्याच पाहुण्याची होईल. आहे तिथे राहू दे. नळी आजच फेकायची. नळ आणि बादली ही बिअर संपल्यावर. नवीन सामान आलं की त्यावर जुनं काही लावायचं नाही, अगदी झाकणाची रबरी रिंगसुद्धा.

शेवभाजी, धुळे

यावर माझं काही म्हणणं नाही. बाटल्या भरायची वेळ आलीच तर जाड काचेच्या घे म्हणावं, आणि गॅससाठी बाटलीत घालतात ती साखर कमी. वाटायला तर मुळीच नको.