सायकल रस्त्याच्या अगदी कडेने चालवावी की थोडी आत घ्यावी?

दोनचाकी
नमस्कार मंडळी, ऑफिसला सायकलने जायला लागलेय. रस्ता साधाच आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एकेक लेन, सायकलसाठी वेगळा ट्रॅक वगैरे काही नाही. मागच्यांची अडचण नको म्हणून मी अगदी कडेला चिकटून चालवते पण गाड्या इतक्या खेटून जातात की त्यांचा आरसा हँडलला लागतो की काय असं वाटतं, आणि कडेला खडी, गटाराच्या जाळ्या, मध्येच पार्क केलेल्या गाड्या, त्यामुळे सारखं आत-बाहेर, आत-बाहेर चालू असतं. भाऊ म्हणतो अजून कडेला घे. बाबा म्हणतात उलट्या बाजूने चालव, समोरून येणारी गाडी दिसेल तरी. हेल्मेट आहे, मागे लाल दिवा आहे. परतताना अंधार पडलेला असतो. रोज चालवणारे नेमकं काय करता, प्लीज सांगा.

पायडलमार
आधी बाबांचं. उलट्या बाजूने अजिबात नको. साधा हिशोब बघा, तुम्ही ताशी २० ने जाताय आणि गाडी ५० ने येतेय. एकाच दिशेने असाल तर ती तुमच्याजवळ ३० च्या फरकाने येते, म्हणजे ५० मीटरवरून गाठायला तिला ६ सेकंद लागतात. समोरासमोर असाल तर वेगांची बेरीज होते, ७०, आणि हातात जेमतेम अडीच सेकंद उरतात. शिवाय गल्लीतून मेन रोडला येणारा ड्रायव्हर जिकडून गाड्या येतात तिकडेच बघत असतो, तुम्ही दुसऱ्या बाजूने आलात तर त्याला दिसणारच नाही.

आता भावाचं. जितकं कडेला जाल तितकं मागच्याला वाटतं की लेन न बदलता निघता येईल, आणि मग तो खेटून निघतो. थोडं आत चालवलंत की त्याला ओव्हरटेक करायचं म्हणून ठरवून करावं लागतं, समोरून कोणी येत नाही ना बघून बाहेर यावं लागतं. तुम्हालाही खड्डा चुकवायला बाजूला जागा राहते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये (तिथल्या रहदारीच्या नियमांच्या पुस्तकात) २०२२ साली हे स्पष्ट लिहिलंय, गर्दीच्या वेगवान रस्त्यावर कडेपासून निदान अर्धा मीटर आत, आणि शांत रस्ता, हळू चाललेलं ट्रॅफिक किंवा चौक जवळ आला की लेनच्या मधोमध.

पार्क केलेल्या गाड्यांपासून तर एक मीटर तरी लांब राहाच, दार खाडकन उघडतं. दार हँडलला नुसतं घासलं तरी माणूस रस्त्याच्या आतल्या बाजूला फेकला जातो आणि मागून गाडी येत असते, खरी भीती त्याची. आणि दोन पार्क गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आत शिरू नका, सरळ रेषेत चला. तुमचं जे आत-बाहेर चालतं ना, तेच सगळ्यात वाईट, कारण मागच्याच्या दृष्टीने तुम्ही गायब होता आणि अचानक पुढ्यात उगवता.

रातकिडा
अंधाराबद्दल सांगतो. फक्त मागचा लाल दिवा पुरत नाही, पुढे पांढरा हवाच. मागून धडक बसेल याची भीती सगळ्यांना असते पण चौकात समोरून वळणारा किंवा गल्लीतून निघणारा तुम्हाला पुढूनच बघणार ना. दिवा थोडा खाली झुकवा, समोरच्याच्या डोळ्यांवर आला तर त्याला तुम्ही कुठे आहात तेच कळत नाही. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पटकन लक्ष जातं खरं पण अंधारात त्यावरून अंतराचा अंदाज नीट येत नाही, त्यामुळे रात्री मी निदान एक दिवा स्थिर ठेवतो.

कपड्यांचं लोक हमखास चुकतात. तो भडक पिवळा-हिरवा रंग दिवसा आणि तिन्हीसांजेला उठून दिसतो, रात्री त्याचा काही उपयोग नाही, रात्री परावर्तक पट्टीच लागते. ती छातीवर लावण्याआधी दोन्ही घोट्यांवर लावा. पायडल मारताना त्या पट्ट्या वर-खाली होतात आणि ड्रायव्हरला लांबूनच कळतं की हा माणूस आहे, खांबावरचा पत्रा नाही.

दिवे दिवसाही चालू ठेवा. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये हजारो सायकलींना कायम चालू राहणारे दिवे लावून बघितले होते, ज्यांना दिवे होते त्यांचे जखमी होण्याचे अपघात १९ टक्क्यांनी कमी निघाले.

उतारावर
पायडलमार यांचं बरचसं पटतं पण लेनच्या मधोमध हे सरसकट सांगू नका हो. जिथे गाड्या ८०-९० ने जातात तिथे ताशी २० ने मधोमध जाणाऱ्या माणसाचा वेग मागच्याला उशिरा कळतो आणि तोवर अंतर संपलेलं असतं. अशा रस्त्याला शोल्डर, म्हणजे लेनच्या बाहेरची कडेची पट्टी, स्वच्छ असेल तर तिच्यावरून, नाहीतर लांबचा का होईना दुसरा रस्ता. १० मिनिटं जास्त लागू देत.

आणि ट्रक-बसबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून सांगते. सिग्नलला ट्रक थांबलाय आणि त्याच्या कडेने पुढे जायला जागा दिसतेय, तिथे जाऊ नका म्हणजे नकाच. उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला कडेच्या बाजूचं आणि अगदी नाकासमोरचं दिसतच नाही, आणि तो कडेच्या बाजूला वळला की मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा कडेच्या जास्त जवळून जातात, म्हणजे तुम्ही ज्या जागेत उभे आहात तीच जागा संपते. मागे थांबा. त्याचे आरसे तुम्हाला दिसत नसतील तर तुम्हीही त्याला दिसत नाही आहात.

पायडलमार
@उतारावर, मान्य, मी शहरातला रस्ता धरून बोलत होतो. वेगवान रस्त्याचं तुमचं बरोबर आहे.

दोनचाकी
खूप खूप आभार सगळ्यांचे! बाबांना तो ६ आणि अडीच सेकंदांचा हिशोब वाचून दाखवला, त्यांना पटलं. उद्यापासून गाड्यांपासून लांब आणि सरळ रेषेत. एकच अडचण आहे, आत यायचं तर मागे बघायला हवं आणि मागे बघितलं की माझी सायकल आपोआप त्याच बाजूला जाते. आरसा लावू का?

रातकिडा
आरसा जरूर लावा पण त्याच्या भरवशावर वळू नका, त्यातही काही भाग दिसत नाही. आणि मान वळवण्याचा आणखी एक फायदा असा की मागच्याला कळतं तुम्ही काहीतरी करणार आहात, बरेच जण तेवढ्यावर वेग कमी करतात.

उतारावर
मोकळ्या मैदानात पांढरी रेघ बघून तिच्यावरून चालवायची आणि मान वळवून मागे कोणीतरी किती बोटं दाखवतंय ते ओळखायचं, भावाला उभं करा. सायकल वळते कारण मानेबरोबर खांदा आणि हात पण ओढले जातात. कोपर सैल ठेवा, हनुवटी खांद्याकडे न्या, खांदा जागेवर राहू दे. तरीही सायकल ओढली जात असेल तर ज्या बाजूला बघायचंय त्या बाजूचा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवा आणि मग बघा, लगेच फरक पडतो. हे जमलं की एका हाताने चालवत वळण्याचा इशारा देणं पण जमेल. क्रम मात्र कायम तोच, आधी मागे बघायचं, मग हात, मग पुन्हा एकदा बघून आत यायचं.

पावसात मात्र इशाऱ्यासाठी हात आधीच दाखवून घ्या आणि वळताना दोन्ही हात हँडलवर. रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली असताना त्यांच्यावर ना वळायचं ना ब्रेक मारायचा, सायकल सरळ ठेवून नुसतं पार व्हायचं. तुमचे ब्रेक रिमवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्यावर, घासणारे असतील तर ओल्या रिमवर पहिला थोडा वेळ ते धरतच नाहीत, म्हणून थांबायच्या बरंच आधी हलके दाबून रिम पुसून घ्या.