जुन्या मोटरसायकलच्या फोटोचं बॅकग्राउंड बदलावं का?

गीअर_उजवीकडे (धागाकर्ता)

हल्ली जुन्या गाडीचा फोटो समोर आला की मी आधी मागचं दृश्य तपासतो. बऱ्याचदा ते खोटं निघतं. फोटो काढलेला असतो शेडमध्ये, आणि गाडी नेऊन ठेवलेली असते धुक्यातल्या घाटात नाहीतर दगडी पुलावर. माझं मत स्पष्ट आहे: विंटेज गाडीच्या बाबतीत हे करू नये. नव्या गाडीची जाहिरात वेगळी. जुन्या गाडीचा फोटो म्हणजे तिच्या अवस्थेची नोंद. त्यावरून लोक टाकीचा आकार ताडून बघतात, कार्ब्युरेटर मूळचा आहे की नंतर बसवलाय ते ओळखतात, मडगार्डचे स्टे (आधाराच्या सळ्या) कुठे येतात ते बघून आपल्या गाडीला बनवून घेतात.

मध्यंतरी पन्नासच्या दशकातल्या एका सिंगल सिलिंडर गाडीचा फोटो पाहिला. आपोआप कापणाऱ्या टूलने क्लचची केबल अर्धी खाल्ली होती. हँडलवरून निघालेली केबल टाकीपाशी येऊन हवेतच संपत होती. मागच्या चाकाचे स्पोक हबजवळ ठणठणीत, रिमकडे जाता जाता विरलेले. त्यांच्या फटींतून शेडची निळी भिंत दिसत होती आणि चाकाच्या बाहेर सूर्यास्त! खाली एकाने मनापासून विचारलं होतं, "या मॉडेलला केबल फ्रेमच्या आतून जाते का?" माझी हरकत नेमकी इथे आहे. चुकीची माहिती अशीच पसरते.

हबकॅप

पूर्ण असहमत. केबल गायब झाली हा करणाऱ्याचा आळस आहे, पद्धतीचा दोष नाही. बाहेरची कड एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या पेन टूलने हाताने काढायची, केबल आणि लिव्हर वेगळ्या पाथवर (आखलेल्या रेषेवर) घ्यायचे. फोटो काढतानाच चाकामागे पांढरी चादर धरली तर स्पोकचा मास्क (काय ठेवायचं, काय झाकायचं त्याचा साचा) फोटोच्या एका रंग-चॅनेलवरून स्वच्छ मिळतो. वेळ लागतो, पण होतं.

आणि हे आजचं खूळ नाही. कारखान्यांचे जुने कॅटलॉग उघडा. कोऱ्या पांढऱ्या कागदावर गाडी अधांतरी उभी असते. निगेटिव्हवर अपारदर्शक रंग लावून मागचं सगळं झाकायचे, मग प्रिंटवर एअरब्रश फिरवायचे. रिस्टोरेशन करणारे आज तेच कॅटलॉग प्रमाण मानतात ना?

दुसरं, १९४८ ची व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो ही ब्रिटिश गाडी घ्या. इंजिनसुद्धा काळं. अंधाऱ्या गॅरेजमध्ये काढलेल्या फोटोत सिलिंडरच्या फिन (थंड ठेवणाऱ्या पात्या) कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. मागे फिकट राखाडी रंग टाकला की आख्खं इंजिन डोळ्यांपुढे येतं. इथे एडिटिंगमुळे माहिती वाढली.

मिठाचं_मैदान

व्हिन्सेंटचा विषय निघालाच आहे तर, १३ सप्टेंबर १९४८ रोजी रॉली फ्री हा अमेरिकी रेसर अमेरिकेतल्या बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर व्हिन्सेंटवर पालथा पडून ताशी १५० मैलांच्या वर गेला. पोहण्याची चड्डी, पाय मागे सरळ ताणलेले. तो फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातलं मैदान काढून मागे डोंगर लावला तर काय उरतं? वेग कळतो तो त्या सपाट पांढऱ्या मोकळेपणामुळे. बॅकग्राउंड हाही फोटोचाच भाग आहे. धागाकर्त्याशी सहमत.

हबकॅप

तो ऐतिहासिक फोटो आहे, त्याला कोण हात लावतंय? मी पार्किंगमध्ये कचऱ्याच्या डब्याशेजारी उभ्या असलेल्या गाडीबद्दल बोलतोय. त्या डब्यात कसला इतिहास?

निकेलप्रेमी

दोघांच्याही बोलण्यात रंगाचा मुद्दा राहिला. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत गाड्यांवर निकेलचा मुलामा असायचा, क्रोम त्यानंतर रुळलं. निकेलमध्ये किंचित पिवळसर ऊब असते, क्रोम निळसर थंड दिसतं. गाडी नव्या दृश्यात बसवायची म्हणून एडिटर रंगांचं तापमान खाली ओढतो आणि निकेल दिसायला थेट क्रोम होतं! तो फोटो बघून कुणी एक्झॉस्ट क्रोम करून घेतला तर दोष कुणाचा? मास्क कितीही सुबक असला तरी हा घोटाळा होतोच.

शिवाय प्रतिबिंबं. हेडलाइटच्या क्रोममध्ये शेडचं दार आणि फोटो काढणारा दोघं दिसतात, आणि मागे म्हणे समुद्रकिनारा. ते पुसायचं म्हणजे हेडलाइट नव्याने रंगवायचा. मग त्याला फोटो का म्हणायचं?

गीअर_उजवीकडे

निकेलचा मुद्दा एकदम बरोबर. हबकॅप, साधा राखाडी पडदा मला मान्य आहे, तो कुठल्या जागेचा आव आणत नाही. कॅटलॉगचं पांढरंही त्याच जातीचं. माझा विरोध आहे तो दृश्य चिकटवण्याला, कारण दृश्य आलं की त्यासाठी गाडी वाकवावी लागते. सूर्य डावीकडे आणि गाडीवरचा उजेड उजवीकडून, मग काय करतात? गाडीच आडवी फ्लिप! सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांचा गीअर उजव्या पायाला होता. फ्लिप केलं की तो डावीकडे जातो, ब्रेक उजवीकडे येतो, किकही बाजू बदलते. टाकीवरचं नाव तेवढं सुलट करून घेतात, त्यामुळे शंकाही येत नाही.

हबकॅप

फ्लिप करू नये, वादच नाही. निकेलही मान्य, मुलाम्याचे भाग रंगबदलातून वगळायला हवेत. पण भिंतीवर लावायच्या चित्रात घाट असला तर कुणाचं काय बिघडतं? आजोबांची गाडी त्यांच्या आवडत्या रस्त्यावर बघायची इच्छा खोटी नाही.

मिठाचं_मैदान

भिंतीवर खुशाल लावा. विक्रीच्या जाहिरातीत आणि संदर्भाच्या संग्रहात नको.

निकेलप्रेमी

भिंतीवरचं चित्रच चार वर्षांनी कुणीतरी संदर्भ म्हणून पाठवतं, त्याचं काय? त्यात नवी एआय टूल्स बॅकग्राउंड बनवता बनवता गाडीलाही हात लावतात: फिनची संख्या बदलते, बिल्ल्यावरची अक्षरं वितळतात. तपासायला सोपं आहे. मूळ फोटो वरच्या लेयरवर तंतोतंत जुळवून ठेवा आणि ब्लेंड मोड 'डिफरन्स' करा. जे बदललं नाही ते काळं दिसतं. गाडीच्या आत कुठेही उजळ दिसलं तर तिथे काहीतरी बदललंय. हबकॅप, तुमच्या एखाद्या कामावर हे करून इथे टाका, मग बोलू.

हबकॅप

टाकतो. मूळ फाइलसकट.